लिव्हर ठणठणीत, खुबा निकामी : सोलापुरातल्या एका जॉबरचं प्रकरण

कारखान्यात त्यांना सगळे जॉबर म्हणतात, म्हणून इथेही जॉबरच म्हणू. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. वय ४४, जन्म सोलापूरच्या पूर्व भागातला, घरची भाषा तेलुगू. नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात. बिघडलेला माग चालू करून देणं हे जॉबरचं काम. त्यासाठी वाकावं लागतं, मागाखाली शिरावं लागतं, उकिडवं बसावं लागतं, आणि पाळी बहुतेक रात्रीची. पत्नी विड्या वळतात. राहायला कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत.

मी हाडांचा डॉक्टर. ते माझ्याकडे आले ते मनगट घेऊन. पहाटे कामावरून आले, मोरीच्या पायरीवर पाय घसरला आणि हात टेकला तसं डावं मनगट मोडलं. अशी मोड साठी ओलांडलेल्या बायकांमध्ये आम्ही नेहमी बघतो. आयुष्यभर अंगमेहनत केलेल्या ४४ वर्षांच्या पुरुषाचं मनगट उभ्या उभ्या घसरून मोडतं तेव्हा प्लास्टर तर घालायचंच, पण हाड इतकं हलकं का झालं हेही विचारायचं.

दुसरी गोष्ट त्यांच्या चालण्यात होती. दुखणं हातात आणि लंगडणं उजव्या पायावर. विचारलं तर म्हणाले, "ते जुनंच हाय साहेब, मणक्याची गादी सरकलीय." आठ महिने त्या गादीवर उपचार चालू होते. कंबरेचा एमआरआय झाला होता, पट्टा होता, वजनं लावून झाली होती, तेल चोळून झालं होतं, आणि मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तर रोजच्याच. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती किंचित फुगलेली होती, हे खरं. पण चाळिशीत काहीही दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी जवळपास निम्म्यांत अशी फुगलेली चकती सापडते. ती दिसली म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलं असं होत नाही.

दुखतं कुठे, असं बोटानं दाखवायला सांगितलं तेव्हा बोट कंबरेवर गेलंच नाही, जांघेत गेलं. तिथून कळ मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरते म्हणाले. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या मज्जातंतूंचं मूळ काही अंशी एकच असल्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. कित्येकांचे गुडघ्याचे एक्स-रे त्यापायी विनाकारण निघतात. पलंगावर झोपवून गुडघा वाकवला आणि पाय आतल्या बाजूला वळवायला गेलो तर तो वळेचना, आणि जॉबरनी दात आवळले.

अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जेवाय खाली मांडी घालून बसाय येईना झालंय ओ ह्यांना. यंदा गड्ड्याच्या जत्रेला गेलो तर पोरं पाळण्यात आणि हे बाकड्यावर." चाळिशीतल्या पुरुषाला मांडी घालता येईनाशी झाली, हे एक वाक्य माझ्या लेखी कंबरेच्या एमआरआयपेक्षा जास्त कामाचं.

लॅमिनेट केलेला रिपोर्ट

दारूचा विषय मी काढण्याआधी त्यांनीच काढला, तोही बचावासाठी. पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद निघाला. दोन वर्षांपूर्वीची रक्ततपासणी : बिलिरुबिन नॉर्मल, आणि लिव्हरला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी ३४, तेही नॉर्मल. "घेतो थोडी, खोटं कशाला बोलू. पण लिव्हर बघा, एकदम ओके. आणि हातभट्टीला आपण हात लावत नाही, इंग्लिशच."

या दोन वाक्यांत सोलापुरातल्या असंख्य पिणाऱ्यांचं तत्त्वज्ञान आहे. हातभट्टीची भीती इथल्या लोकांना आहे आणि ती रास्तही आहे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं ते तांड्यांवरच्या भट्ट्या बंद करून त्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळावा म्हणून. पण हातभट्टी वाईट म्हणजे सीलबंद बाटली चांगली, हा हिशेब हाडांना ठाऊक नाही. त्यांच्यापर्यंत जातो तो अल्कोहोल, आणि तो दोन्हींत एकच.

लिव्हरच्या कागदाबद्दल तर आम्हा डॉक्टरांनीही थोडी लाज बाळगावी. दारू पिणाऱ्या माणसाला आम्ही "लिव्हरची तपासणी करून घ्या" एवढंच सांगतो, ती बरी आली की माणूस ती परवान्यासारखी जपून ठेवतो. शिवाय नुसतं एसजीपीटी दारूच्या बाबतीत फसवं आहे. दारूमुळे वाढतं ते मुख्यतः त्याचं भावंड एसजीओटी, आणि ते एसजीपीटीच्या दुप्पट किंवा अधिक दिसलं की संशय घ्यायचा. त्या जुन्या कागदावर एसजीओटी केलेलंच नव्हतं.

आता "थोडी" म्हणजे किती? "किती घेता?" या प्रश्नाला खरं उत्तर क्वचितच मिळतं. "रोजची बाटली कुठली, आणि कितीला पडते?" असं विचारलं की मिळतं, कारण पैशांचा हिशेब लक्षात असतो. जॉबर म्हणाले, रोज एक क्वार्टर, बारा-तेरा वर्षं. अक्का छताकडे बघत म्हणाल्या, "एक घरात. येताना वाटेत झालेली ती वेगळी."

हे मोजून बघण्यासारखं आहे. क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ६० ग्रॅमच्या आसपास. फ्रॅक्स नावाचं, हाड मोडण्याचा धोका मोजायचं जे कोष्टक जगभर वापरतात, त्यात दिवसाला तीन युनिट किंवा जास्त दारू हा स्वतंत्र धोका धरलेला आहे, आणि एक युनिट म्हणजे आठ ते दहा ग्रॅम. जॉबरची एकच क्वार्टर सहा युनिटच्या घरात जाते. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी : ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली ४० ग्रॅमवर जाते, म्हणजे त्या कोष्टकाची रेघ पहिल्याच बाटलीत ओलांडली जाते.

तपासण्या

ओटीपोटाच्या एक्स-रेत उजव्या मांडीच्या हाडाचा गोल माथा वरच्या बाजूला किंचित चेपलेला, आणि कवचाखाली चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ. कवचाखालचं मेलेलं हाड खचायला लागलं की ही कोर दिसते. डावा खुबा एक्स-रेत स्वच्छ होता. डावीकडे त्यांना काही दुखतही नव्हतं. तरी एमआरआय दोन्हींचा केला, कारण दारूमुळे हाड मरण्याचा हा आजार बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो आणि सुरुवातीला तो फक्त एमआरआयमध्येच दिसतो. डावीकडेही माथ्याचा एक तुकडा मेलेला निघाला, मात्र गोलाई शाबूत होती.

आजाराचं नाव अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, दवाखान्याच्या भाषेत एव्हीएन. रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मरणं.

भूलपूर्व तपासणीसाठी छातीचा एक्स-रे काढला, तर उजव्या दोन बरगड्या जुन्या मोडून जुळलेल्या. "हां, ते गाडीवरून पडलो होतो. चोळून बरं झालं." पिणाऱ्याच्या छातीच्या एक्स-रेत अशा विसरलेल्या बरगड्या सापडणं आम्हाला नवीन नाही.

रक्तात ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम, म्हणजे स्पष्ट कमतरता. कॅल्शियम खालच्या काठाशी, मॅग्नेशियम कमी. टेस्टोस्टेरॉन कमी. लाल पेशींचा आकार वाढलेला आणि लिव्हरचं जीजीटी चढून १८६ (दोन्ही दारूच्या खुणा), एसजीओटी ६८ आणि एसजीपीटी, अर्थातच, ३३. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कण्याचा झेड स्कोअर उणे २.४. (पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला तरुणांशी तुलना करणारा टी नव्हे, त्याच्याच वयाच्या लोकांशी तुलना करणारा झेड स्कोअर लावायचा, उणे २ किंवा त्याखाली म्हणजे वयाच्या मानानं हाड विरळ.) खुब्याच्या डेक्साकडे मी फारसं लक्ष दिलं नाही, कारण मेलेल्या आणि घट्ट झालेल्या हाडामुळे तिथला आकडा खोटा चांगला येऊ शकतो.

सोलापुरात ड जीवनसत्त्व कमी कसं, असं लोक विचारतात. चाळीस अंशांच्या पुढचं ऊन आहे की इथे. आहे, पण रात्रपाळीचा माणूस त्या उन्हात झोपलेला असतो.

स्टेरॉइडचा प्रश्न राहिला होता. अपघात सोडला तर एव्हीएनची दोन मोठी कारणं म्हणजे दारू आणि स्टेरॉइड. त्यामुळे सांधेदुखीच्या कुठल्या पुड्या घेतल्या का, हे खोदून विचारावं लागतं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. पुड्या नव्हत्या. पण २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत दहा दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि घरच्यांनी सगळा दोष तिथेच ठेवला होता. चिठ्ठी जपलेली होती, म्हणून हिशेब करता आला : प्रेडनिसोलोनच्या मापात सगळं मिळून अर्धा ग्रॅमही नाही. हाडांच्या रक्तपुरवठ्याचा अभ्यास करणाऱ्या आर्को या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१९ च्या निकषांत एव्हीएन स्टेरॉइडमुळे म्हणायला तीन महिन्यांत दोन ग्रॅमच्या वर डोस झालेला असावा लागतो. त्याच निकषांत दारूची रेघ आहे आठवड्याला ४०० मिली शुद्ध अल्कोहोल, सहा महिन्यांहून जास्त काळ. जॉबरनी कबूल केलेली एकच क्वार्टर धरली तरी आठवड्याचे होतात जवळजवळ ५४० मिली. अक्कांची दुसरी क्वार्टर मिळवली तर दुप्पट. दोष कुठे ठेवायचा ते इथे ठरलं.

दारू हाडात काय करते

हे मी त्यांना त्यांच्याच मागाच्या भाषेत सांगितलं. हाड म्हणजे एकदा विणून ठेवलेला टॉवेल नव्हे. ते आयुष्यभर एका टोकाला उसवलं जातं आणि दुसऱ्या टोकाला विणलं जातं. दारू विणणाऱ्याला झोपवते. उसवणारा कामावर असतोच.

विणणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. त्या काम करताना ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रथिन रक्तात सोडतात, आणि दारू जितकी जास्त तितकं ते खाली जातं. दुसरी गोष्ट मज्जेतली. तिथल्या मूळ पेशी हाडाच्या पेशी होऊ शकतात तशा चरबीच्याही. दारू त्यांना चरबीकडे वळवते. मांडीच्या हाडाचा माथा चारही बाजूंनी कवचानं बंद असतो, आत चरबी फुगली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपतात, शिवाय चरबीचे कण त्यांत अडकतात, आणि त्या माथ्याला रक्त पोचवणारे रस्ते आधीच मोजके. एव्हीएन होण्याची पूर्ण वाट अजून कोणी नकाशासारखी काढून दाखवलेली नाही, पण हे तुकडे पक्के आहेत.

बाकीचं नुकसान आडमार्गानं होतं. जास्त दारू घेतल्यावर काही तास पॅराथायरॉइडचं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक दबतं आणि लघवीतून कॅल्शियम वाहून जातं. मॅग्नेशियम सतत कमी राहिलं की हे संप्रेरक नीट स्रवतच नाही. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटतं, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल वाढतं. दोन्ही हाडाच्या मुळावर येणारी. आणि ताट रिकामं राहतं ते वेगळंच. जॉबर धड जेवत नव्हते, चकण्याच्या शेंगदाण्यांवर निभावत होते. अक्कांनी थापलेली भाकरी कडक होऊन कपाटावर जायची. तशीही नुसत्या ज्वारीवर कॅल्शियम भागत नाही : शंभर ग्रॅम ज्वारीत ते ३० मिलिग्रॅमच्या आतच असतं, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज आहे १००० मिलिग्रॅम.

या सगळ्यावर पडणं. पिणाऱ्याचा तोल जातो हे खरं, पण वर्षानुवर्षांच्या दारूनं पायांच्या नसा बधिर होतात आणि स्नायू झिजतात, त्यामुळे तो न पिताही पडतो. मोरीच्या पायरीवर घसरले तेव्हा जॉबर शुद्धीवर होते, वाटेतली क्वार्टर त्या दिवशी राहिली होती. त्यांनी हे अभिमानानं सांगितलं.

आधी दारू, मग खुबा

उजवा खुबा बदलायचा आणि डावा वाचवायचा, हे ठरवायला वेळ लागला नाही. डावीकडे माथा अजून खचलेला नव्हता, म्हणून तिथे कोअर डीकम्प्रेशन : हाडात बारीक बोगदा पाडून आतला दाब कमी करणं. माथा खचल्यावर याचा उपयोग राहत नाही. त्यामुळे डाव्या खुब्याच्या बाबतीत घाई होती आणि दारूच्या बाबतीत घाई करून चालणार नव्हतं.

रोज पिणारा माणूस ऑपरेशनसाठी भरती होतो, दारू एकदम थांबते, आणि दोन-तीन दिवसांनी, टाके ओले असताना, त्याला झटके येतात किंवा भ्रम होतो. तो सलाइन उपटतो, पलंगावरून उतरतो आणि नवा खुबा सांध्यातून निखळतो. हे टाळायचं तर दारू आधी, मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. नातेवाइकांना हा उशीर वाटतो. मेहुण्यांनी मला स्पष्टच विचारलं, "हाडाच्या डॉक्टरकडं आलाव, येड्याच्या डॉक्टरकडं कशाला पाठवायलाव?" अक्कांनी त्यांना तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि विषय संपला.

मनगट प्लास्टरमध्ये असतानाच भरती झाली. आल्या आल्या थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, ग्लुकोजच्या आधी, कारण थायमिन संपलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मॅग्नेशियम भरलं. औषधं चालू असूनही तिसऱ्या रात्री घाम, थरथर आणि भ्रम आलाच. जॉबर अंधारात प्लास्टरच्या हातानं हवेत तुटलेले धागे शोधत होते आणि उजव्या हाताच्या बोटांनी गाठी मारत होते. शेजारच्या पेशंटला ते ओरडून सांगत होते, सात नंबर बंद कर. अशा भ्रमात माणूस बऱ्याचदा आपलं रोजचंच काम करत बसतो. पाचव्या दिवशी ते उतरलं आणि त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. ड जीवनसत्त्व आठवड्याला ६०,००० युनिट, आठ आठवडे, सोबत कॅल्शियम. डावीकडचं डीकम्प्रेशन तिसऱ्या आठवड्यात. मनगट, जे सहा आठवड्यांत जुळायला हवं होतं, त्याला नऊ लागले. दारूनं हाड जुळणंही रेंगाळतं, आणि तंबाखूची चिमूट सुटलेली नव्हती. मनगट कुबडी पेलण्याइतकं झाल्यावर उजवा खुबा बदलला. मोडणाऱ्या हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिडचं वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन दिलं, तेही ड जीवनसत्त्व भरून आल्यावरच, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली जातं.

घरकुलातला संडास भारतीय पद्धतीचा. नव्या खुब्यावर उकिडवं बसणं बंद, म्हणून कमोडची खुर्ची आणली. खरी अडचण पैशांची होती. जॉबरचा पगार बंद, आणि घर अक्कांच्या विड्यांवर. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, आणि हजार वळायला अख्खा दिवस मांडी घालून बसावं लागतं. आठ महिने त्या दिवसभर वळत होत्या आणि मध्ये उठून ह्यांना धरून संडासला नेत होत्या. त्यांचंही ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघायला मी सांगितलं. त्यांनी ते अजून केलेलं नाही.

ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात, नात्यातल्या एका लग्नात, जॉबर पुन्हा प्यायले. चार दिवस. अक्कांनीच फोन केला, आणि पाचव्या दिवशी ते मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. मी त्याचा बाऊ केला नाही. दारू सुटताना असं घडतं, आणि चार दिवसांवर थांबणं हे आधीच्या तेरा वर्षांत एकदाही जमलेलं नव्हतं. फक्त नवा खुबा निखळला नाही ना, याचा एक्स-रे काढला.

दीड वर्षानंतरची स्थिती अशी. उजवा कृत्रिम खुबा व्यवस्थित. डाव्याच्या एमआरआयमध्ये मेलेला तुकडा आहे, पण माथा खचलेला नाही. तो कायम टिकेल अशी हमी मी दिलेली नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं आहे. कण्याचा झेड स्कोअर उणे २.४ वरून उणे १.९ वर आला. यात दारू सोडण्याचा वाटा किती आणि इंजेक्शनचा किती, हे एका माणसावरून सांगता येणार नाही. दारू थांबली की विणणाऱ्या पेशी काही आठवड्यांतच कामाला लागतात हे माहीत आहे. विरळ झालेलं हाड भरायला मात्र वर्षं लागतात, आणि मेलेला माथा त्यानं जिवंत होत नाही.

मागाखाली शिरायचं काम आता बंद आहे. मालकांनी त्यांना चेकिंगला घेतलंय, उंच स्टुलावर बसून टॉवेलचे दोष काढायचे, दिवसपाळी. पगार जॉबरपेक्षा बराच कमी. गेल्या वेळी आले ते पगारवाढीसाठी माझी चिठ्ठी मागायला, की हा माणूस पूर्ण पाळी बसून काम करू शकतो. ती मी दिली.